काळ्या चौकोनाला लावलेले कुंकू

मुंबईच्या विमानतळावर निरोप देणाऱ्यांना काचेबाहेरच थांबावे लागते. आई म्हणाली होती, "आत गेलीस की काचेजवळ ये. दिसत राहा." मी बॅगा दिल्या, पुढची रांग छोटी आहे हे हेरले आणि थेट सुरक्षा तपासणीकडे वळले. भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. माझ्या हातात होती, नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये नवरा वाट पाहत होता आणि काचेजवळ उभे राहण्यात मला कोणताही तर्क दिसत नव्हता.

अ‍ॅमस्टेलव्हीनचे आमचे महिला मंडळ मी पहिल्या महिन्यातच निकालात काढले. तिथे बाईची ओळख नवऱ्याच्या कंपनीवरून आणि मुलाच्या शाळेवरून करून दिली जाते. स्वतःच्या पदव्यांचा उल्लेख बायका एखाद्या जुन्या आजारासारखा करतात. मी नगरपालिकेच्या वर्गात डच शिकले आणि एमबीओत, म्हणजे हाताला काम शिकवणाऱ्या इथल्या कॉलेजात, चित्रपटनिर्मितीला प्रवेश घेतला. मंडळाच्या सूत्रधार देशपांडे वहिनींनी करुणेने विचारले, "म्हणजे आपलं आयटीआयच ना गं? एम.एस्सी. करून?"

राग आला तो प्रश्नाचा नाही. माझे मतही तेच होते, याचा. एमबीओ ही माझ्या लेखी फक्त पायरी होती. तिथून कला विद्यापीठाच्या चित्रपट विभागात जायचे, एवढाच हिशेब. वर्गातली सतरा वर्षांची मुले ब्रेडवर चॉकलेटचे दाणे पसरून खात आणि बोलता बोलता केबल बिनचूक गुंडाळत. मला ते तीन आठवडे जमले नाही, तेव्हा ते कसबच मी क्षुल्लक ठरवले.

मग महामारी आली. कॉलेजचे कॅमेरे कुलूपबंद झाले आणि विद्यापीठाच्या प्रवेशासाठीचा लघुपट घरात बसून करायची वेळ आली. विषय मंडळानेच पुरवला. संक्रांतीचे हळदीकुंकू त्या वर्षी लॅपटॉपवर होणार होते, माहेरच्या बायकांनाही लिंक गेली होती. आठवण म्हणून रेकॉर्ड करते, असे मी सर्वांना सांगितले. हेतू वेगळा होता. काठपदराच्या साड्या नेसलेल्या बायका एकमेकींच्या कपाळाचा अंदाज घेत पडद्याला बोट लावत होत्या आणि वहिनी प्रत्येकीला माइक बंद करायला सांगत होत्या. याहून हास्यास्पद दृश्य मला कल्पनेनेही रचता आले नसते. माझा कॅमेरा अर्थातच बंद होता.

सांगलीहून आई पडद्यावर आली. "तू कुठे आहेस गं? दिसत नाहीस."

नेटवर्क नीट नाही, असे मी खोटेच सांगितले.

"असू दे. नाव दिसतंय. त्यालाच लावते."

तिचे बोट कॅमेऱ्यासमोर मोठे मोठे होत गेले आणि तिची चौकट क्षणभर झाकली गेली. सर्वांत विनोदी म्हणून तो तुकडा मी शेवटी ठेवला, खाली डचमध्ये तिचे शब्दही दिले.

प्रवेशाची मुलाखतही ऑनलाइनच झाली. सामूहिक भाबडेपणाचे निरीक्षण, असे काहीसे मी सफाईने सांगू लागले. तीन परीक्षकांपैकी वयस्कर बाईंनी मला थांबवले. "या सगळ्या बायका दिसतात. एकच चौकोन काळा आहे, आणि त्यावरचं नाव तुमच्या अर्जावर आहे. तिथे कोण बसलं होतं?"

माझ्याजवळ तीन वाक्यांचे उत्तर तयार होते, दृष्टिकोन वगैरे शब्दांचे. ते मला स्वतःलाच ऐकवेना. मी म्हणाले, "मी. आणि मी खोटं बोलत होते."

प्रवेश मिळाला. लघुपट चांगला होता म्हणून की ते उत्तर चांगले होते म्हणून, हे त्यांनी सांगितले नाही. मंडळाबद्दलचे माझे मत आजही फारसे बदललेले नाही. माझी ओळख करून देताना वहिनी आता विद्यापीठाचे नाव माझ्या नावाआधी घेतात, तेव्हा तर ते अधिकच पक्के होते. मात्र ज्यांना मी इतकी वर्षे पडद्याआडून तपासले, त्या निदान समोर बसल्या होत्या.

माझ्यासारख्या निघून आलेल्यांना घर कुठे असे विचारले, की आम्ही दोन पत्ते सांगतो. मला दोन्ही अपुरे वाटतात. रविवारी दुपारी सांगलीत एक बाई फोन इतका जवळ धरते, की तिचे फक्त कपाळ दिसते. तिला समजावणे मी सोडून दिले आहे. मी पाच मिनिटे आधी येऊन बसते, कॅमेरा सुरू करते, आणि दिसत राहते.