छप्पर समोरच्याचं असतंय

रंगाचा नमुना हातात देण्याआधी मिस्त्री त्यावर बाटलीतलं पाणी ओतायचे. "साताऱ्यात छप्पर चार म्हैने वलंच असतंय," ते म्हणायचे, "कोरड्या रंगावर काय भुलताय?" कोरडा असताना ऐटदार वाटणारा तपकिरी तुकडा भिजला की काळा ठिक्कर पडायचा. गिऱ्हाइकाचा चेहराही.

स्वतः कामाला लागण्याआधी आपल्यालाच कामाला लावणारे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. आमचे मिस्त्री महाबळेश्वरच्या हॉटेलांची छपरं करून तयार झालेले. आमच्या गळक्या स्लॅबवर उतरतं छप्पर करून त्यावर शिंगल, म्हणजे बारीक खड्यांचा थर दिलेले डांबरी तुकडे, बसवायचे होते. मिस्त्रींनी मला सकाळ, दुपार, संध्याकाळ रस्त्यावर उभं केलं. "भितीचा रंग बगा, जोत्याचा दगड बगा, मग वर बगा. टोपी अंगाला शोभाय नको?"

मी आकड्यांवर चालणारा माणूस. सहा रंगांच्या तुकड्यांखाली थर्मामीटर ठेवून आठ दिवस दुपारी दोनच्या नोंदी घेतल्या. पांढरट रंग सर्वांत थंड निघाला; गडद रंगापेक्षा चार अंशांनी कमी. मी वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावून पान न् पान वाचलं. इतक्या आदराने माझी वही घरातसुद्धा कोणी वाचलेली नाही. "हिशेब बराबर हाय," ते म्हणाले. "पर आत ऱ्हाणाऱ्याला छप्पर दिसतंय व्हय? छप्पर समोरच्याचं असतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढऱ्या तुकड्यांचा अख्खा गठ्ठा छपराच्या सांगाड्यावरच्या प्लायवुडवर मांडला आणि मला समोरच्या घरात, माडीवर नेलं. तिथे निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणावर. खाट खिडकीशी. खिडकीतून दिसणारी गल्ली, एवढंच त्यांचं बाहेरचं जग.

"आवं बाई, रंग तुमी सांगायचा."

"मी? इतकी वर्षं यांच्या स्लॅबवरचं शेवाळ बघतेय. तेव्हा विचारलं का कुणी?"

दोन वाजता ऊन पांढऱ्या तुकड्यांवर आलं. बाईंनी डोळ्यांवर हात घेतला. सुनेने उठून पडदा ओढला, खोली अंधारली. गल्ली गेली.

मिस्त्री हळूच म्हणाले, "लिवा की सायेब, पडदा कवापतूर ऱ्हातोय त्ये."

आम्ही बसून राहिलो. सुनेने दोनदा चहा दिला. पडदा उघडला तेव्हा पावणेपाच झाले होते. मी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

"गारव्याला खालनं अस्तर लावू," मिस्त्री म्हणाले आणि पिशवीतून जोत्याच्या दगडाशी जुळणारा करडा तुकडा काढला. बाईंनी तो दोन्ही हातांत फिरवून पाहिला. "हा बरा. यावर कावळासुद्धा शोभेल."

मागच्या महिन्यात मिस्त्री लोणंदला लेकीकडे वारले. ते सांगायला मी दुपारी बाईंकडे गेलो. मला बसवेना, म्हणून खिडकीपाशी उभा राहिलो. बाईंनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाल्या,

"जरा बाजूला सरका. तुमच्या आड छप्पर दिसत नाही मला."

मी भिंतीला टेकून सरकलो.