पाठीवरचं नाव

कॅनडात लेकीकडे गेले की दुपारी मी शेजारच्या मार्गारेटबाईंकडे बसायला जाते. काल त्या नवऱ्याच्या शर्टांना आतून त्याच्या नावाच्या पट्ट्या शिवत होत्या. उद्यापासून तो वृद्धाश्रमात राहणार, आणि तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात.

बर्फावरची हॉकी खेळून त्याने पोट भरलं. एखाद्या संघात कुणी जायबंदी झाला की याला बोलावणं यायचं. तो बरा झाला की याचा मुक्काम हलायचा. जर्सी संघाची, म्हणून निघताना पाठीवरची नावाची पट्टी तेवढी उसवून हातात द्यायचे. घरी बिस्किटांच्या डब्यात अशा अकरा पट्ट्या आहेत. रंग अकरा, नाव एकच.

उद्या उसवायचंच आहे हे ठाऊक असताना माणसाचं नाव कसं शिवत असतील संघातले ते हात? आपल्यालाही कितीदा असंच कच्च्या टाक्यावर घेतलेलं असतं. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, एवढंच बरं.

तेवढ्यात खुर्चीतून तो बायकोला म्हणाला, "टाके सैल घाल गं. काढताना कापड फाटतं."

मार्गारेटबाईंनी सुईत दुहेरी दोरा ओवला.