लिफ्टवाल्यांचा पाहुणचार

आमच्या नात्यागोत्यात माझ्या नवऱ्याला नावाने कोणी ओळखत नाही. सगळे 'लिफ्टवाले' म्हणतात. कामच ते. उंच इमारत उभी राहिली की तिच्यात लिफ्ट बसवायची, चालू करून द्यायची आणि पुढे ती बंद पडू द्यायची नाही. लग्न झालं तेव्हा स्वतः पान्हा घेऊन लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचे. आता हाताखाली माणसं आहेत, पण सवय गेली नाही. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की यांचं बोलणं थांबतं, कान भिंतीकडे लागतो, आणि बाहेर पडल्यावर निकाल सांगतात, "ब्रेक घासतोय," नाहीतर, "बरी ठेवलीय." माझ्या बाळंतपणात हॉस्पिटलमध्ये धावत आले आणि नर्सला आधी विचारलं की ही लिफ्ट इतकी हिसके का देते. माझी चौकशी नंतर. तीच मुलगी आता शिकून तिसऱ्याच देशात नोकरीला आहे.

कंपनी पाठवेल तिथे आमचा संसार. आशियाच्या नकाशात आमचं बिऱ्हाड इतक्यांदा हललंय की मला आता खोकी फोडायचासुद्धा वीट आलाय. काही खोकी एका देशात बांधली ती तशीच पुढच्या देशात गेली, आणि तिथूनही तशीच. आत काय आहे कोण जाणे. भाषा शिकायची म्हटलं तर भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकी येते न येते तोच बदली.

हे सगळं चाललं असतं हो. पण परदेशात घर म्हणजे नातेवाइकांना हक्काची धर्मशाळा. "तुम्ही आहात तोवर येऊन जातो," असं म्हणतात सगळे, जणू आम्ही गेल्यावर तो देशच बंद होणार आहे. चुलत भाऊ, मावसबहीण, तिच्या नवऱ्याचा मित्र, त्या मित्राची आई. लिफ्टवाल्यांना नाही म्हणता येत नाही. उलट पाहुणे यायचे म्हटलं की यांच्या अंगात येतं. पहिल्या दिवशी जुना बाजार, मग फुलांची बाग, मग बोट, मग मनोरा, मग बेट. ठरलेला क्रम. मध्ये कोणी "आज जरा पडू का?" असं विचारलं तर लिफ्टवाले दुखावतात. यांच्या लेखी रिकामा दिवस म्हणजे बंद पडलेली लिफ्ट. मनोऱ्याच्या तिकीट खिडकीतली बाई मला बघून आता हसते. मी वर जातच नाही. खाली बाकावर सगळ्यांच्या पिशव्या राखत बसते. वर काय दिसतं ते मला तोंडपाठ आहे.

आणि वर्षातून एकदा आमची सुट्टी. लोकांना वाटतं, काय मज्जा! कसली मज्जा, डोंबलाची. आम्ही सुट्टीवर मायदेशी गेलो की घरोघर फिरतो. एक रात्र इथे, दोन तिथे, बॅग कधी पूर्ण उघडायचीच नाही. कोणाकडे कमी राहिलो तर त्यांचं तोंड वाकडं, जास्त राहिलो तर आपलंच आपल्याला अवघड. सगळे "बसा, बसा" करतात. माझ्या माहेरी मी कप विसळायला घेतला तर वहिनी हातातून काढून घेते. "राहू द्या हो वन्सं, चार दिवसांच्या पाहुण्या तुम्ही." प्रेमानेच म्हणते बिचारी. पण ज्या ओट्याशी मी लहानाची मोठी झाले, तिथे मला कपालाही हात लावू देत नाहीत, आणि मी सोफ्यावर बसून हसत राहते. परत येताना विमानात आम्ही दोघं असे झोपतो की जेवणाचा ट्रे आलेला कळत नाही. लिफ्टवाले झोपेतून उठून एकदा म्हणाले होते, "घरी जाऊन जरा सुट्टी घ्यायला हवी."

तर अशात सासूबाईंच्या घरमालकाने घर मागितलं.

सासरे गेल्यापासून त्या तिथे एकट्याच राहत होत्या. गुडघे कुरकुरत होते, पण स्वयंपाक, धुणं, बाजार, सगळं स्वतःचं स्वतः. आता घरच सोडायचं म्हटल्यावर प्रश्न आला, जायचं कुठे? नणंदेकडे दोन खोल्या, त्यात ती, नवरा, वाढती पोरं आणि शिवणाचं मशीन. आमच्याकडे बघाल तर दोन माणसांना मोठी जागा, पाहुण्यांची खोली वेगळी. कंपनीने आईंच्या राहण्याची परवानगी काढून द्यायचंही कबूल केलं. लिफ्टवाल्यांना आई हवी होती. इतकी वर्षं लांब राहिल्याची टोचणी म्हणा, काहीही म्हणा. आणि खरं सांगू, मलाही हव्या होत्या. दिवसभर त्या घरात माझ्याशी बोलायला कोण आहे? फ्रिज तेवढा घुरघुरतो.

आई फोनवर म्हणाल्या, "आधी येऊन बघते. जमलं तर राहीन."

झालं! त्या 'बघते'ने घात केला. यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "आईला इथे करमलं पाहिजे. काही कमी पडू द्यायचं नाही." आणि कधी नव्हे ती लांबलचक रजा टाकली.

आई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "काय करू गं?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुम्ही बसा हो आई. आज जुन्या बाजारात जायचंय, दमाल." त्या बसल्या. सोफ्याच्या कडेला, पर्स मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तशा. मग रोज तशाच बसायला लागल्या. आंघोळ करून, बूट घालून, तयार.

बाजार झाला. बाग झाली. बोट झाली, बोटीत त्यांना मळमळलं, तरी यांनी किनाऱ्यावर उतरून फोटो काढला आणि मुलीला पाठवला, 'आजी खूश' म्हणून. आईंना कशाचं कौतुक नव्हतं असं नाही. "हो का?", "बापरे, केवढं!" असं म्हणायच्या त्या प्रत्येक ठिकाणी. लिफ्टवाल्यांना तेवढं पुरे होतं.

मनोऱ्याच्या दिवशी मात्र त्या वर गेल्या नाहीत. "तू जाऊन ये, मी हिच्यापाशी बसते," म्हणाल्या. लिफ्टवाले तरीही गेले, मनोऱ्याच्या लिफ्टचा आवाज मागच्या वेळेपेक्षा बदललाय का बघायला. आईंनी बाकावर बसून बूट काढले. पाय टम्म सुजले होते, मोज्याची रेघ घोट्यात रुतलेली.

"अगंबाई, आई! हे काय? बोलायचं नाही का? उद्याचं बेट रद्द करू आपण."

"नको गं. त्याने रजा काढलीय माझ्यासाठी. त्याचं मन मोडायचं नाही."

"पण तुम्ही दमलात."

"तू नाही दमलीस?" त्यांनी विचारलं. मी त्यांचे बूट बाकाखाली सरकवले. आम्ही दोघी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर आई पडल्या आणि मी लिफ्टवाल्यांना गाठलं. "पुरे करा आता हे. त्यांचे पाय बघितलेत? म्हातारं माणूस आहे, का सहलीला आलेली शाळा?"

हे एकदम उसळले. "मग काय करू? चार भिंतींत कोंडून ठेवू? इथे ना शेजार, ना तिची भाषा. दोन दिवसांत कंटाळेल आणि म्हणेल, मी चालले. मला तिला घालवायची नाहीये!" आवाज चिरकला त्यांचा. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तेही मरणाचे दमले होते. मी वाद घालायला हवा होता खरा, पण माझ्यातही त्राण उरलं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे, एक बेट राहिलंय, उरकून टाकू.

उरकलं. बेटावरून परत आल्यावर तिघंही चहा घेत बसलो. लिफ्टवाल्यांनी कप खाली ठेवला आणि एवढे दिवस पोटात दाबलेलं विचारलं, "मग आई? राहशील ना इथे?"

आईंनीही कप खाली ठेवला. "फार छान ठेवलंत रे मला. पण मला नाही झेपायचं."

"अगं, रोज थोडंच फिरायचंय! फिरणं संपलं आता."

"मग मी करू काय इथे?"

"काय म्हणजे? आराम कर."

"बाळा," आई म्हणाल्या, "मला तुमच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो तेसुद्धा ठाऊक नाही. अजून बॅगेतूनच कपडे काढून घालते मी. कपाटात गाद्या आहेत ना तुमच्या, पाहुण्यांच्या."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. खरंच होतं ते. त्या पाहुण्यांच्या खोलीतलं कपाट जादा गाद्या, उशा, चादरी यांनी खच्चून भरलेलं, आणि आई आल्यापासून त्यांची बॅग भिंतीशी उभी होती. मी रोज त्या खोलीत झाडू मारत होते, बॅग उचलून पुसत होते, परत तिथेच ठेवत होते. कप्पाळ माझं!

"मला वाटलं होतं," आई म्हणाल्या, "माझी खाट कुठे लागणार ते बघू, खिडकीतून काय दिसतं ते बघू. सकाळी उठून तुझ्या बायकोबरोबर भाजी निवडू. तुम्ही दोघं किती धावताय माझ्यासाठी. मी राहिले तर असंच धावाल. माझ्याच्याने बघवणार नाही ते. तिकीट काढ माझं."

लिफ्टवाले उठले. त्या खोलीत गेले आणि कपाटातल्या गाद्या ओढून काढायला लागले. एकेक गादी खांद्यावर टाकून, लिफ्टने खाली नेऊन, इमारतीच्या गोदामात टाकून आले. घामाघूम झाले. मग आईंची बॅग उघडली आणि त्यांचे कपडे आपल्या हाताने हँगरला लावले. यांनी जन्मात स्वतःचा शर्ट हँगरला लावलेला नाही. "हे बघ, आई. हे तुझं कपाट," म्हणाले.

आई पलंगाच्या कडेला बसून बघत होत्या. "गुणाचा आहेस रे," म्हणाल्या आणि त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. पण दोन दिवसांनी मी खोलीत गेले तर त्याच कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत ठेवत होत्या. मी हात लावायला गेले. "असू दे गं," म्हणाल्या, "एवढं तरी करू दे मला."

मी म्हटलं, "आई, राहा ना. मला हव्या आहात तुम्ही. खोटं नाही सांगत."

"ठाऊक आहे मला. तुझं काही चुकलं नाही. पण एकदा मनातून उतरलं ना की पाय ठरत नाहीत माणसाचे. माझी मुलगी चिडकी आहे, जागा नाही तिच्याकडे, सगळं खरं. तरी तिथेच बरी मी."

विमानतळावर लिफ्टवाले काचेपलीकडे आई दिसेनाशा होईपर्यंत उभे राहिले. आई चाकाच्या खुर्चीत होत्या. वळून हात हलवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ढकलणाऱ्याला घाई होती. परतल्यावर आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये यांचा कान भिंतीकडे गेला नाही. घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर बसले. चुलत भावाचा निरोप आला होता, पुढच्या महिन्यात चौघं येतोय म्हणून. यांनी फोन माझ्याकडे दिला. "नाही म्हणून कळव," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं मी, आणि मला त्याचा आनंदसुद्धा झाला नाही.

आठवड्याभराने आईंना फोन लावला. लिफ्टवाल्यांनी स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडे शिवणाचं मशीन खडखडत होतं, पोरं भांडत होती. आई सांगत होत्या की पोरांच्या खोलीतच झोपते, धाकटी रात्री लाथा मारते, खाट दाराला लागते म्हणून दार अर्धंच उघडतं. यांनी विचारलं, "दमतेस का गं तिथे?"

तेवढ्यात मागून नणंदेचा आवाज कडाडला, "आई! किती वेळा सांगितलं, ओल्या हाताने बटणाला हात लावू नकोस! आणि ती डाळ कोणी उपसून ठेवलीय इथे?"

"मीच ठेवलीय! ओरडू नकोस, बोलतेय ना मी!" आई तिकडे तोंड करून ओरडल्या. खणखणीत आवाज. आमच्याकडे होत्या तेवढ्या दिवसांत हा आवाज आम्ही एकदाही ऐकला नव्हता. मग आमच्याकडे वळून घाईघाईने म्हणाल्या, "ठेवते रे आता. गॅसवर दूध आहे."

फोन बंद झाला. लिफ्टवाले त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले.

"आपण तिच्यावर एकदाही ओरडलो नाही गं," ते म्हणाले.

"पाहुण्यांवर ओरडतात का कोणी?" मी म्हटलं.