देवघराचे माप

आषाढाच्या आरंभी आमच्या कन्येने अट घातली. घटस्थापनेच्या आत घरात अशी सोय करून घ्यावी, की आम्हा दोघांना कुणाच्या आधाराविना वावरता येईल. अन्यथा तुळजापूर सोडून तिच्याकडे पुण्यास राहावयास जावे. ती शिक्षिका आहे. तिच्या अटीला मुदत असते आणि मुदतीला सवलत नसते.

निमित्तही तसेच घडले होते. ज्येष्ठात माझी पत्नी न्हाणीघरातल्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर घसरली. देवीच्या कृपेने हाड वाचले; पण गुडघ्याने पूर्वीचे सौजन्य सोडले, आणि तिच्या हाती चार पायांची काठी आली. ती अंथरुणावर होती तेवढे दिवस तिन्हीसांजेचा दिवा मी लावीत असे. ती पडल्या पडल्या दारातून पाहत राही आणि म्हणे, "वात फार पुढं ओढलीत. तेल पिऊन टाकील ती." पंचावन्न वर्षे तो दिवा तिच्या हातचा होता. पुण्याचा विषय निघाला तेव्हा तिने एवढेच म्हटले, "माझा दिवा मला लावता येईल तोवर मी या घरची. नाही आला, तर कुठंही न्या."

जळकोटचा एक गवंडी कामाला लागला. माणूस शिवभक्त, गळ्यात लिंग, हात सफाईदार आणि जीभ त्याहून सफाईदार. त्याने न्हाणीत खरबरीत फरशी बसवली, कमोड बसवला, अंगणातल्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार केला. भिंतींना स्टीलच्या दांड्या लावल्या. त्यांतल्या दोन देवघरासाठी होत्या. तिथे मात्र मी त्याला अडवले.

"सोवळ्यात असताना चार जणांचे हात लागलेली दांडी मी धरावी काय?" मी विचारले.

"मग उठणार कसं, गुरुजी? पाटावरून उठताना तुमचे गुडघे कसे वाजतात ते मला अंगणात ऐकू येतंय."

त्यावर मीच तोड काढली: उंच खुर्ची. खुर्चीवर बसून पूजा करावी, म्हणजे उठताना आधार लागणार नाही. परंतु देवांचे चरण पूजकाच्या हृदयाहून खाली नसावेत, हा आमच्या वडिलांचा दंडक. म्हणून गवंड्याने मला खुर्चीत ताठ बसवले, जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत टेप धरला, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि त्या रेघेवर काळ्या दगडाचा ओटा बांधला. न बसवलेल्या दोन्ही दांड्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. एखादा पाठ न चुकता म्हटल्याचे समाधान मला वाटले.

घटस्थापनेला पाच दिवस उरले होते. देव नव्या ओट्यावर स्थानापन्न झाले. मी खुर्चीत बसून अभिषेक केला, कुरकुर न करता उठलो आणि गवंड्याला पेढा दिला. सायंकाळी पत्नी दिवा लावण्यास आली.

मी देहाने उंच; ती मूळचीच ठेंगणी, आणि वयाने पाठीत थोडी वाकलेली. ओटा तिच्या जवळजवळ खांद्याशी आला. समई आतल्या कोपऱ्यात. एका हाताने काठी धरून तिने दुसरा हात लांबवला. बोटे वातीपासून वीतभर अलीकडेच थांबली. टाचा उचलून पाहिल्या. काठी डगमगली. तिने काड्यापेटी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

घमेले धूत असलेला गवंडी दारात येऊन उभा राहिला. "अवो काकू," तो म्हणाला, "गुरुजींचं माप तीन खेपा घेतलं. देवांचं घेतलं. तुमचं कुणी घेतलंच न्हाय की!"

इतकी वर्षे मी पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांना सांगत आलो, की यजमान एकट्याने पूजा करीत नाही; पत्नी शेजारी असावी लागते. आणि घर तिच्यासाठी नीट करावयाचे असता मी छाती मोजून घेतली ती माझी.

"ओटा खाली घ्या," मी म्हणालो.

"घेतो. पण देव खाली आले की तुमची खुर्चीबी खाली येणार. चौरंगाएवढी. मग उठताना काय धरणार? शेंडी?"

पत्नी फस्सकन हसली. कित्येक महिन्यांनी ऐकलेले ते हसणे. मी कोपऱ्यातल्या दांड्यांकडे पाहिले. खरे सांगावयाचे तर सोवळे हे अर्धेच कारण होते. दांडी धरणे म्हणजे आपण म्हातारे झालो, हे देवांसमोर मान्य करणे, असे मला वाटत आले होते. जणू देवांना ते ठाऊक नव्हते.

"आणि सोवळं?" मी तरीही विचारले.

"अहो, लोकरीला विटाळ नसतो, हे लग्नानंतर मला कुणी शिकवलं?" असे म्हणून ती काठी टेकीत आत गेली आणि पेटीतून आपली जुनी धाबळी घेऊन आली. हे लोकरीचे वस्त्र नेसून तिने कितीतरी वर्षे सोवळ्याचा स्वयंपाक केला होता.

दुसऱ्या दिवशी ओटा फुटला, तिसऱ्या दिवशी पुन्हा बांधला गेला. या वेळी गवंड्याने टेप आधी तिच्या कोपरापाशी धरला. ओट्याच्या दोन्ही अंगांना दांड्या बसल्या, आणि तिने त्यांना धाबळीच्या तांबड्या खोळी शिवल्या. बुटक्या बैठकीवरून दांडी धरून मी पहिल्यांदा उठलो, तेव्हा गवंडी म्हणाला, "आता गुडघे वाजले न्हाईत बघा."

"वाजले," पत्नी म्हणाली. "आज लाजून हळू वाजले."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कन्या आली. सोबत एक भली मोठी रिकामी बॅग. ती कशासाठी, हे कुणी विचारले नाही. तिने न्हाणीत पाणी ओतून फरशीवर अनवाणी चालून पाहिले, दांडी ओढून पाहिली, उतारावरून आईला दोनदा आणले-नेले. तिन्हीसांज झाली. पत्नीने काठी भिंतीला टेकवली, डाव्या हाताने तांबडी खोळ धरली आणि उजव्या हाताने काडी वातीला लावली. ज्योत स्थिर झाली. मी बैठकीवर हात जोडून बसलो होतो; तिचा पदर माझ्या खांद्याला लागत होता.

कन्येने डोळे पुसले आणि ती शिक्षिकेच्या स्वरात म्हणाली, "आई, वात फार पुढे आलीय."

"तुझ्या बाबांनी ओढली. मी नुसती पेटवली."

नवरात्र करून ती पुण्यास परतली तेव्हा बॅग रिकामी नव्हती. पत्नीने तीत येसर, पापड, शेवया आणि उरलेल्या धाबळीची एक खोळ भरली होती. ही खोळ कशाला, असे कन्येने विचारले.

"तुलाही लागेल कधीतरी," आई म्हणाली. "तेव्हा आधी स्वतःचं माप घे."