माशांना वाढणारी होडी

आमच्या शेततळ्यात मासे कुणी सोडले नाहीत. कालव्याचं पाणी तळ्यात घेतलं, त्याबरोबर ते आपणहून आले आणि आमच्या ध्यानात यायच्या आत चांगले हातभर लांब झाले. दुसऱ्या कुणाचं तळं असतं तर एव्हाना त्यांचं कालवण झालं असतं. पण आमचं घर जैनांचं, त्यामुळे माशांना पाव्हण्यांचा मान मिळाला. आणि पाव्हण्यांना वाढायचं काम माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, स्वतःच्या अंगावर घेतलं.

आण्णांनी एखादं काम हातात घेतलं की त्याचं व्रत व्हायला वेळ लागत नाही. रोज दिवस कलला की ते चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन तळ्यावर जायचे, आपल्या हातानं माशांना घालायचे आणि मग घरी येऊन जेवायचे. दिवस बुडाल्यावर ते पाण्याचा घोटही घेत नाहीत, म्हणून सगळा कारभार उजेडात उरकावा लागायचा. माशांनी रात्री खाल्लं तर पाप त्यांना लागेल की आपल्याला, असंही त्यांनी मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं. मी म्हटलं, माशांकडं घड्याळ नाही, तेव्हा तुम्हालाच. त्यांना ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते आणखी लवकर निघायला लागले.

यंदाच्या श्रावणात तळ्याच्या काठाला शेवाळ धरलं, आणि तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कागदावरून आण्णांचा पाय घसरला. पाण्यात गेले नाहीत हे नशीब. मांडीचं हाड मोडलं, आत सळी बसली, घरी आले ते वॉकर घेऊन. माझ्या नवऱ्यानं तळ्याच्या कुंपणाला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडं दिली.

मला वाटलं, प्रश्न मिटला. माशांना मी घालीन, आण्णांनी जेवावं. पण आण्णा ताटावर बसेनात. सकाळचं नीट जेवायचे, संध्याकाळी मात्र ताट सरकवायचे. आधी माशांना आपल्या हातचं, मग आपल्याला, असा त्यांचा नेम. मी पिशवी उचलून उभी राहिले तर शांतपणे म्हणाले, "पोरी, उसन्या हातानं व्रत हुत न्हाई."

खरं सांगते, मला राग आला. या घरात आल्यापासून ज्या हातानं त्यांना भाकरी वाढली, दवाखान्यात ज्या हातानं त्यांची कूस बदलली, तो हात उसना? त्या दिवशी मी भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

त्यांना साखरेचा आजार. संध्याकाळची गोळी घ्यायची आणि पोट रिकामं, असं किती दिवस चालणार? एका सकाळी न्हाणीच्या दारात चक्कर येऊन बसले. नवऱ्याचा धीर सुटला. त्यानं सांगून टाकलं की आता एक जरी उपास पडला तर सगळे मासे जाळीत धरून कृष्णेत सोडणार. आण्णा सोप्यातल्या खुर्चीत बसून तळ्याकडं बघत राहिले. त्यांच्या वयाचे दोस्त एकेक करून गेलेले, बोलायला हे मासेच उरलेले. तेही जाणार म्हटल्यावर त्या माणसाचं तोंड कसं झालं ते मला बघवेना.

आमचं घर चढावर आहे आणि तळं खाली, त्यामुळे सोप्यातून पाणी स्वच्छ दिसतं. दिसतं, पण हात पोचत नाही. मग हातच लांब का करू नये, असं माझ्या डोक्यात आलं. मी कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. लग्नानंतर त्याचा उपयोग विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर दुरुस्त करण्यापलीकडं झाला नव्हता. मी आण्णांना विचारलं, रिमोटवर चालणारी होडी केली आणि बटण तुमच्या बोटानं दाबलं, तर हात कुणाचा? त्यांनी तो प्रश्न रात्रभर चघळला असावा. सकाळी चहा पिताना निकाल दिला. "बोट माझं, तर हात माझा. पर चुरमुरे मीच भरणार."

आता होडी म्हटली की पाण्यात फिरणारं पातं आलं. ते मला चालणारं नव्हतं. एक तर त्यानं तळ्याचा कागद फाडला असता, आणि दुसरं म्हणजे एखादा मासा कापला गेला असता तर आण्णांनी सकाळचं जेवणही सोडलं असतं. म्हणून पंखा पाण्याच्या वर बसवायचा आणि मागं वारा मारून होडी पुढं ढकलायची, असं ठरलं.

सामान जमवायला मी माहेरी गेले. कराडला हायवेच्या कडेला भावाचं गॅरेज आहे. त्याच्या मागं भंगाराचा ढीग असतो, आणि त्या ढिगाशी माझं लहानपणापासून जमतं. तिथं एका मोडीत काढलेल्या जीपचा रेडिएटरचा पंखा मिळाला. भाऊ म्हणाला, लोक माहेराहून साडी नेतात. मी जाता जाता गाडीच्या दाराच्या लॉकची एक छोटी मोटरही पिशवीत टाकली.

बाकीचं घरातच निघालं. फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावर पडून होता, त्याचे थर चिकटवून होडीचं बूड केलं. कागदाला कोपरे लागू नयेत म्हणून कडेनं ठिबकची जुनी नळी गुंडाळली. बॅटरी फवारणीच्या पाठपंपाची. मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे, त्याची लहानपणची रिमोटची गाडी मी निर्दयपणे खोलली आणि तिची आतडी होडीत भरली. पंख्यामागचं सुकाणू तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, आणि ते वळवायला सायकलचा स्पोक. सोप्यातून रिमोटची ताकद पुरेना, तेव्हा आण्णांनी स्वतःच्या मोडक्या ट्रान्झिस्टरची एरियल उपटून दिली. बातम्या तर बंदच झाल्यात, म्हणाले.

पहिल्या चाचणीत मी तारा उलट्या जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरला, पंख्यामागं उघड्या डब्यात ठेवलेले चुरमुरे आत ओढले गेले आणि पलीकडून माझ्या तोंडावर, केसांत, पदरात येऊन बसले. होडी काठाला ढुशी देऊन थांबली. वरून सोप्यातून आवाज आला, मासं ऱ्हायलं बाजूला, सुनंनंच आधी जेवून घेतलं. नवरा हसला. मी तारा बदलल्या, आणि चुरमुऱ्यांच्या डब्याला झाकण केलं. पुढं जायचं बटण दाबलं की पंखा चालायचा, मागं जायचं दाबलं की लॉकची मोटर झाकण उघडायची. मग पुन्हा पंखा लावला की वाऱ्यानं चुरमुरे पाण्यावर पसरायचे.

आणि खरंच पसरले. मासे टपाटप वर आले. आण्णांनी त्या संध्याकाळी दोन्ही वेळचं एकदम जेवल्यासारखं जेवण केलं, आणि मीही.

त्यानंतर रोजचा क्रम बसला. आण्णा सोप्यात डबा भरायचे, मी होडी नेऊन पाण्यावर ठेवायची आणि ते खुर्चीतून हाकायचे. थोड्याच दिवसांत त्यांना हात बसला, आणि मग नुसतं वाढून त्यांचं समाधान होईना. वळणं घ्यायचे, टिटवीच्या मागं होडी लावायचे, कडेला आली की तोंडानं हॉर्न वाजवायचे. मी म्हटलं, आण्णा, हे व्रत आहे की शर्यत? म्हणाले, दोन्ही हाय.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडं चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला झेंडूचा हार चढतो. ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, विहिरीवरची मोटर, माझी स्कूटर, एवढंच काय, पिठाची चक्कीसुद्धा. होडी कशी सुटणार? आण्णांनी स्वतः हार गुंफला, पंख्याच्या जाळीला बांधला, कुंकू लावलं. फिरत्या पंख्याच्या तोंडाशी दोऱ्यात ओवलेली फुलं बांधू नयेत, हे डिप्लोमावालीला कळायला हवं होतं. पण दसऱ्याला बिनहाराचं यंत्र चालवायचं, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही येत नाही. मी उलट गाठ जरा घट्ट केली.

संध्याकाळी नवरा सोनं लुटायला गावातल्या देवळाकडं गेला. घरी आम्ही दोघंच. सण म्हणून आण्णांनी होडीनं तळ्याचा मोठा फेरा काढला. मधोमध नेली, वळवली, आणि घर्रर्र असा आवाज होऊन पंखा थांबला. हार आत ओढला गेला होता. दोरा आसाला गुंडाळला आणि फ्यूज उडाला. आण्णांनी झाकणाचं बटण दाबून पाहिलं. काहीच होईना. भरलेला डबा पाण्याच्या मधोमध, चारी बाजूंनी झेंडूच्या पाकळ्या तरंगताहेत, आणि मासे येऊन पाकळ्या चाखून परत जाताहेत.

सूर्य समोरच्या टेकडीला टेकायला आला होता. मी पदर खोचून तळ्याकडं निघाले तशी त्यांनी हाक मारली, पाण्यात उतरायचं नाही म्हणून बजावलं. कागदाच्या तळ्यात उतरलेला माणूस वर येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी परत आले. स्वयंपाकघरात पुरणपोळी झाकून ठेवलेली होती. ताट तयार होतं. आजचा उपास पडला की मासे जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग आण्णांनी विचारलं, "पिशवीत चुरमुरे हायत काय?"

"हायत."

"मग जा. तूच घाल."

मला गप्प बसायला हवं होतं, पण बसवलं नाही. मी म्हटलं, "उसन्या हातानं, आण्णा?"

ते हातातल्या रिमोटकडं बघत बसले. मग म्हणाले, "इतकं दिवस ह्या पंख्याला माझा हात म्हणत बसलो. तो पंखा कुणाच्या हातानं उभा ऱ्हायला, ते ध्यानातच आलं न्हाई. जा पोरी, दिवस बुडतोय."

मी सणाच्या साडीत पळाले. कुंपणाचं कुलूप उघडताना डोळ्यांत पाणी आल्यामुळे किल्ली दोनदा चुकली. काठाच्या वरच उभी राहून मुठीनं चुरमुरे फेकले. मासे आले, अगदी रोजच्यासारखे. कुणाच्या व्रताशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मी वळून घराकडं बघितलं, तर आण्णा खुर्चीत पुढं वाकून बसले होते आणि मी मूठ फेकली की त्या बंद पडलेल्या रिमोटचं बटण दाबत होते. मी मुद्दाम एक मूठ थांबून फेकली. तेही थांबले, आणि मग दाबलं.

जेवण झालं तेव्हा टेकडीवर सूर्याची कड तेवढी उरली होती. शेवटचा घास आणि पाणी एकदमच घेतलं त्यांनी. थोड्या वेळानं नवरा आपट्याची पानं घेऊन आला, आण्णांच्या पाया पडला आणि त्याला वाऱ्यानं तळ्याच्या पलीकडच्या काठाला लागलेली, हारात गुरफटलेली होडी दिसली. त्याचा चेहरा उतरला. त्यानं आधी ताटाकडं पाहिलं, मग आण्णांकडं, आणि माशांना कुणी घातलं म्हणून विचारलं.

"हातानं घातलं आज," आण्णा म्हणाले.

"कुणाच्या?"

"आपल्याच."