भालचंद्रकाकांची रीत

आधीच सांगते, मी तोंडाची फटकळ आहे. भालचंद्रकाकांना मी त्या दिवशी बालीगंज स्टेशनावर, शंभर माणसांसमोर जे बोलले ते कुणाच्या बापाला बोलू नये. ते शब्द मला परत घ्यावेसे वाटतात, आणि वाटतही नाहीत. पण क्रमाने सांगते.

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचे वडील तरुणपणी रत्नागिरीहून कलकत्त्याला आले, ते इथलेच झाले. काका जन्मले इथे, शिकले इथे आणि खिदिरपूरच्या गोदीत एकतीस वर्षं त्यांनी जहाजातून उतरणारी पोती मोजली. काम तेवढंच, धक्क्यावर उभं राहायचं आणि प्रत्येक पोत्यामागे एक रेघ ओढायची. लीलाकाकू गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा इमारतीतल्या पोरांना गणितं शिकवायला बसले. साधी बेरीज-वजाबाकी पोरांना येते हो. घोडं अडतं ते शाब्दिक उदाहरणात. चार ओळी वाचल्या की पोरं डोळे मिटून दिसेल त्या आकड्याला आकडा जोडतात.

आमची चैत्राली त्यातली अव्वल. चौथीत आहे. शाळेत इंग्रजी, खाली खेळायला बांगला आणि घरी आमची मोडकीतोडकी मराठी, त्यात ते उदाहरण पार बुडून जायचं. बाईंनी मला बोलावून सांगितलं, असंच चाललं तर वर्ष वाया जाईल. मंदार, माझा नवरा, कंपनीच्या कामाने महिन्यातले पंधरा दिवस हैदराबादला. मी लेकीला काकांच्या पदरात टाकली.

काकांचे नियम तीन. पहिला, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गणित मांडायचं नाही. आंबे असतील तर आंबे समोर, जिना असेल तर पायऱ्या चढून मोजायच्या. दुसरा, अडलं तर पुढे रेटायचं नाही, जिथपर्यंत खात्री आहे त्या ओळीवर बोट ठेवून गप्प बसायचं. तिसरा नियम पोरांना मुळीच आवडायचा नाही. उत्तर बरोबर पण रीत चूक, तर शून्य. "काका, उत्तर तर बरोबर आलं ना!" म्हणून पोरं रडकुंडीला यायची. काका पाटीवर भलं थोरलं शून्य काढायचे आणि म्हणायचे, "आलं ते नशिबाने आलं रे. नशीब परीक्षेला येत नाही." मी हसायचे. म्हटलं, काय उंटावरचा शहाणा आहे!

त्या आठवड्यात एक उदाहरण होतं. लोकलच्या डब्यात श्याऐंशी प्रवासी. पहिल्या स्टेशनावर सत्तावीस उतरले, पस्तीस चढले. दुसऱ्यावर एकेचाळीस उतरले, अठरा चढले. आता डब्यात किती? चैत्रालीने सगळ्यांची बेरीज करून दोनशे सात माणसं कोंबली. काका तिला घेऊन स्टेशनच्या पुलावर गेले. वरून गाड्या दाखवल्या. ही म्हणाली, "काका, उतरणारे आणि चढणारे एकाच दारात, मोजायचे कसे?" काका हसून म्हणाले, "त्यासाठी डब्यातच बसावं लागतं बाई!" हे तिने घरी येऊन मला सांगितलं, आणि मी पोळ्या लाटता लाटता "हो का" म्हटलं. माझी चूक इथून सुरू होते.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पावणेचारला ती दप्तर घेऊन खाली गेली. साडेचारला दारावर टकटक. काका उभे.

"अगं अश्विनी, आज सुट्टी दिलीस वाटतं लेकीला?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. गच्ची पाहिली, शेजार पाहिला, खालचं वाण्याचं दुकान पाहिलं. कुठेच नाही. काका जिन्यात कठड्याला धरून उभे होते. एकदम म्हणाले, "ती गाडी मोजायला गेली."

आम्ही धावलो. म्हणजे मी धावले, आणि काका बहात्तराव्या वर्षी माझ्यामागून. पुलाखालच्या चहावाल्याने काकांना ओळखलं. हिंदीत म्हणाला, छोटी मुलगी, निळं दप्तर, चारच्या सियालदहच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात चढली. सोबत कोणी नव्हतं? मी विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. त्याला वाटलं, आई आत असेल.

सियालदह! हजारो माणसं, फलाटच फलाट, आणि माझी नऊ वर्षांची पोर. तिला घरचा पत्ता येतो, माझा फोन नंबर येतो, पण घाबरली की तिचं तोंड मिटतं. रेल्वे पोलिसाने सियालदहला फोन लावला, फोटो मागितला. म्हणाला, तुम्ही तिकडे गेलेलं बरं, आईच ओळखेल. समोर सियालदहची गाडी येत होती. मी निघालेच.

काकांनी माझा दंड धरला. "जाऊ नकोस. ती उतरणार नाही."

"कशावरून?"

"अडलं की खात्रीच्या जागी बोट ठेवून बसायचं, हे मी तिला वर्षभर शिकवलंय. सियालदह तिला अनोळखी. तिच्या खात्रीचं काय, तर तिची जागा. ती जागेवर बसून राहील. तीच गाडी वळून इकडे येईल, या फलाटावर."

"मग तुम्ही थांबा इथे. मी जाते."

"मला मोतीबिंदू आहे गं. गर्दीत मला ती एकट्याला दिसायची नाही. तू गेलीस आणि ती इथून पुढे गेली, तर थेट शेवटचं स्टेशन, कॅनिंग."

गाडी थांबली, दारं भरली, आणि निघूनही गेली. मी चढले नाही. का नाही चढले, ते आजही सांगता येत नाही. त्यांचा आवाज इतका ठाम होता की माझे पायच उचलेनात.

पहिली परतीची गाडी आली. बायकांच्या डब्यात घामेजलेले चेहरे, पिशव्या, टोपल्या. मी खिडकीखिडकीत "चैतू, चैतू" ओरडत पळाले. नाही. दुसरी आली. नाही. पाच वाजून दहा मिनिटं. ऑफिसं सुटत होती, फलाटावर पाय ठेवायला जागा राहिली नव्हती. सियालदहहून फोन आला, अशी मुलगी दिसत नाही म्हणून. आणि माझा तोल गेला.

"तुमच्या गणितापायी गेली माझी पोर!" मी किंचाळले. "स्वतःला मूल ना बाळ, तुम्हाला काय कळणार! तुमची पोती नाहीत ती, एक रेघ चुकली तर चुकली म्हणायला!"

काकांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. जवळ गेले तर ते मिनिटं मोजत होते. चारला निघाली, सव्वाचारला पोचली, एवढा वेळ थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून. आकडे चुकत होते त्यांचे. घाबरलेत, हे तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, आणि माझी उरलीसुरली आशाही गेली.

तिसरी गाडी पाच एकवीसला लागली. चौथ्या खिडकीशी, दोन बायकांच्या मध्ये, निळं दप्तर. वर तिचा चेहरा, पांढराफटक. मी गज धरून ओरडत राहिले. आतल्या बायकांना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी तिला डोक्यांवरून हातोहात दाराशी पोचवली आणि गाडी हलता हलता माझ्या अंगावर सोडली. मी फलाटावरच बसले. तिला चापट मारली, मग कवटाळली, मग पुन्हा मारली.

काका पुढे आले. डोळे वाहत होते, पण चेहरा फुलला होता. आतापर्यंत त्यांना असं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

"शाब्बास! बोट ठेवून बसलीस ना?"

चैत्राली माझ्या कुशीतच होती. तिने तोंड माझ्या पदरात लपवलं.

शनिवारी काकांनी आम्हा दोघींना खाली बोलावलं. मी माफीचे शब्द जुळवून गेले होते. काकांनी ते ऐकूनही घेतले नाहीत. पाटी पुढे करून चैत्रालीला म्हणाले, "रीत सांग. सगळ्या पोरांना सांगणार आहे मी. सियालदह आलं, तेव्हा तू काय विचार केलास?"

चैत्रालीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण, बाई, हो म्हण. पण एक वर्ष त्या माणसाच्या हाताखाली शिकलेली पोर ती.

"काका, मी थांबली नव्हती," ती म्हणाली. "सगळे उतरले ना, मी पण उतरत होती. खूप भीती वाटली. नियम आठवलाच नाही. दप्तराचा पट्टा सीटच्या लोखंडात अडकला. मी ओढत होती, तेवढ्यात नवीन लोक चढले आणि मला आत ढकललं. मग उतरताच आलं नाही."

काकांनी विचारलं, "पट्टा अडकला नसता तर?"

"तर उतरली असती."

आणि मी बालीगंजला उभी होते. काकांनी धरून ठेवलं म्हणून. त्या फलाटावर मी रात्र होईपर्यंत प्रत्येक गाडी पाहत राहिले असते, आणि माझी पोर तिकडे सियालदहच्या गर्दीत. स्टेशनावरही मी एवढी भ्याले नव्हते.

काकांनी पाटी ओढली. हळूहळू, रेघ न थरथरू देता, मोठं शून्य काढलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं.

"अहो काका, उत्तर तर बरोबर आलं ना!" माझ्या तोंडून गेलं.

"पोरंही हेच म्हणतात," काका म्हणाले.

शिकवणी चालू आहे. चैत्राली पास झाली, शाब्दिक उदाहरणांत चांगले गुण पडले. काका आता आंबे, पायऱ्या घेतात, गाडीचं उदाहरण आलं की पान उलटतात. आणि मी तासभर तिथेच दाराशी बसते, भाजी निवडायच्या निमित्ताने.

अजूनही तिची शाळेची बस पाच मिनिटं उशिरा आली की मी रीत शोधत बसत नाही. चपला न घालता धावत सुटते.