उंबरठ्याबाहेरचे जोडे

पास्कूमामा पडक्या देवळात शिरतानाही जोडे बाहेर काढायचा. आत देव नसे, छपराचा पत्ता नसे, गाभाऱ्यात घुशींनी बिळं केलेली; तरी बाळकुमचा हा ख्रिस्ती शेतकरी उंबरठ्याबाहेर जोडे नीट जोडीनं ठेवून अनवाणी आत जाई. मी कल्याणचा, शेंडी-गंधवाला; पण बूट घट्ट बांधून त्याच्यामागून चाले. कारण मी पक्का भित्रा. "मामा, साप असेल, विंचू असेल," मी रोज म्हणे. "असू दे ना. त्याचं घर हाय ते," तो म्हणे.

जुन्या देवळांची नोंद करत फिरणाऱ्या एका साहेबाकडे आम्ही दोघं नोकरीला होतो. मी नकाशे काढी, मामा कोरीव दगडांचे ठसे घेई. जाड कागद भिजवायचा, दगडावर थापायचा, कुंचल्यानं ठोकायचा आणि वाळेपर्यंत थांबायचं. वाळला की दगडावरची अप्सरा कागदावर उठून येई. मला थांबणं जमत नसे. सारखा कोपरा उचलून बघे. "ओढू नको रे भाऊ," मामा ओरडे, "सुटायचा तवा तो आपणच सुटंल."

एकदा साहेबानं अमेरिकेतल्या रानात सापडलेल्या माया लोकांच्या देवळांचं चित्र दाखवलं. टेकडीएवढे दगडी चौथरे, अंगावर झाडं उगवलेली, आणि शेंड्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. मामानं ते बराच वेळ निरखलं आणि मला हळूच विचारलं, "भाऊ, एवढ्या पायऱ्या, तर ते लोक जोडे कुठल्या पायरीला काढीत असतील?" मला हसू आवरेना.

आंबिवलीपलीकडच्या रानातल्या देवळात मात्र माझ्या भित्रेपणानं घात केला. भिंतीवर अकरा कागद ओले होते आणि भर वैशाखात आभाळ भरून आलं. पाऊस पडला तर सगळी मेहनत वाया. मामा ओढ्यावर पाणी आणायला गेलेला. कागद लवकर वाळावेत म्हणून त्याला न विचारता मी भिंतीखाली पालापाचोळा पेटवला. शिखरात आग्या मोहोळ आहे, इथं धूर करायचा नाही, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घाबरलेल्या माणसाला तेवढंच आठवत नाही.

माशा उठल्या. मी गुडघ्यांत डोकं घालून किंचाळत होतो. मामा धावत आला, आणि तेव्हासुद्धा जोडे उंबरठ्याबाहेर काढून आला! ज्या कागदांना तो मला बोट लावू देत नसे ते त्यानं भराभर ओरबाडले, ओलेच माझ्या डोक्यावर, अंगावर लपेटले आणि मला मागच्या खिंडारातून बाहेर ओढलं. पुढे ओढ्यापर्यंत नुसतं काट्यांचं रान. मी बुटांत धावत होतो, तो अनवाणी.

ओढ्यात पाय सोडून तो टाचेतला काटा उपटत होता. "एवढं काय बघतोस? काटाच हाय," म्हणाला आणि सुजल्या तोंडानं हसला. आठव्या दिवशी त्याची दातखिळी बसली. धनुर्वात. दोन दिवसांत सगळं संपलं.

त्यानंतर मी एकटाच त्या देवळात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली नाही. जोडे होते तिथंच होते, आत मुंग्या झालेल्या. ते झटकून मी बाळकुमला नेले. मामीच्या हातात दिले, एवढंच. तिनं पदरानं त्यांची धूळ पुसली आणि घराच्या दाराबाहेर जोडीनं मांडून ठेवले.

मी म्हणालो, "मामी, आत ठेवा ना. कुणी नेईल."

"ऱ्हाऊ दे भायेरच," ती म्हणाली. "जोडे भायेर दिसले का माणूस घरात हाय असं वाटतं."